विश्लेषण : दुष्काळातल्या मुलींसाठी केडगाव कसे उभे राहिले? पंडिता रमाबाईंचे काम नेमके काय होते?

येरमाळा, कळंब, बार्शी या पट्ट्यातून सोलापूर मार्गाने पुण्याला रेल्वेने जाणाऱ्यांना दौंड ओलांडल्यावर थोड्याच वेळात केडगाव स्टेशन लागते. नारायण महाराजांच्या बेटामुळे हे गाव अनेकांना माहीत असते. (नगरचे केडगाव वेगळे.) याच गावाच्या माळावर साधारण १३० वर्षांपूर्वी एका विधवा बाईने तंबू ठोकले. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या उपाशी, आजारी मुली तिने त्या तंबूंत ठेवल्या. १९०० च्या सुमारास तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली होती. शाळा, चर्च, माग, तेलाचा घाणा, गोठा, छापखाना असे सगळे मिळून एक गावच झाले. त्या पंडिता रमाबाई. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले.

त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात असते, पण एक-दोन ओळींपुरते. शिवाय महाराष्ट्राच्या इतिहासात रमाबाई अनेक आहेत. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई आणि डॉ. आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई यांच्याशी त्यांची गल्लत होते. गल्लत झाली नाही तर वाद होतो, कारण पंडिता रमाबाईंनी धर्म बदलला होता. त्या वादात मुलींचे काम बाजूला राहते.

ब्राह्मणाघरच्या मुलीला संस्कृत कुणी शिकवले?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या जंगलातल्या गंगामूळ या ठिकाणी, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि शास्त्रात पारंगत. पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जात. बाई संस्कृत शिकू शकते, हे अनंतशास्त्रींनी तिथे पाहिले आणि मनात धरले. पहिली पत्नी वारल्यावर तीर्थयात्रेत गोदावरीकाठी पैठणला त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू लक्ष्मीबाई नऊ वर्षांची, नवरा चाळिशी ओलांडलेला. त्या काळाला हे लग्न खटकले नाही. खटकले ते शास्त्रीबुवा बायकोला संस्कृत शिकवू लागले हे. त्याबद्दल त्यांना उडुपीला धर्मसभेपुढे उभे राहून शास्त्राधार द्यावे लागले.

पुढे लक्ष्मीबाईंनीच धाकट्या रमेला शिकवले. पहाटे, घरची कामे सुरू होण्याआधी. कुटुंब तीर्थांतीर्थी फिरत असे. देवळाच्या आवारात पुराण सांगायचे, येईल त्या दक्षिणेवर राहायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. लहान वयातच रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

१८७४ नंतरच्या दुष्काळी वर्षांत हे फिरते घर मोडले. होते नव्हते ते विकून झाले. मोलमजुरी करावी तर शास्त्र्याच्या घराला तीही माहीत नाही. झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. थोड्या काळाच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे शेकडो कोस पायी भटकले. दुष्काळ म्हणजे काय, हे बालाघाटच्या रांगांतल्या गावांना समजावून सांगावे लागत नाही. पुढे रमाबाईंनी जे केले, त्याचे मूळ एखाद्या प्रवचनापेक्षा या वर्षांत शोधलेले बरे. भुकेने माणूस कसा होतो, हे त्यांनी स्वतःच्या आईत पाहिले होते.

१८७८ मध्ये बहीण-भाऊ कलकत्त्याला पोहोचले. विशीतली अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे तिथल्या पंडितांना नवल होते. परीक्षा घेऊन त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोनच वर्षांत श्रीनिवास वारले. त्याच वर्षी, १८८० मध्ये, रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला. मुलगी वर्षाची व्हायच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, बिपिनबाबू पटकीने गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

पुण्यात काय घडले?

१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या आणि सुधारकांनी त्यांचे जोरदार स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पहिले मराठी पुस्तक निघाले. सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांना बायका शिक्षिका हव्यात आणि बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, या त्यांच्या मागण्या होत्या. पुरुष डॉक्टरला हात दाखवण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणाऱ्या बायका त्या काळी घरोघर होत्या.

स्वतः डॉक्टर व्हावे, असेच रमाबाईंच्या मनात होते. त्यासाठी पुस्तकाच्या पैशांतून तिकीट काढून १८८३ मध्ये त्या छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. पण त्यांना कमी ऐकू येत होते आणि वैद्यकीच्या शिक्षणाचा विचार सोडावा लागला. वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या राहिल्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथे त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात ही बातमी पोहोचली तेव्हा खळबळ उडाली. एकटे जोतीराव फुले त्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकात त्यांनी रमाबाईंची बाजू मांडली.

चर्चनेही त्यांना सुखाने नांदू दिले का?

नाही, आणि हा भाग सहसा सांगितला जात नाही. धर्म बदलला म्हणजे रमाबाईंनी मान तुकवली, असे झाले नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा बिशप मंडळींनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर तुमच्याबद्दल लोक काय म्हणतील, असा त्यांचा सूर होता. हिंदुस्थानात त्यांनी पुरुषांच्या भरसभेत पुराण सांगितले होते, व्याख्याने दिली होती. तिथे चालले ते इंग्लंडमध्ये चालू नये, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. त्रिएकत्वाचा सिद्धान्त, धर्मगुरूंचे अधिकार, मुलीला कुणी काय शिकवायचे, अशा अनेक गोष्टींवर त्या वाद घालत. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही एक प्रश्न होता. त्या शाकाहारी राहिल्या आणि पांढरे लुगडे शेवटपर्यंत सोडले नाही. पुण्यातल्या सनातन्यांना त्या बाटलेल्या वाटत, तर वाँटेजच्या जोगिणींना हट्टी. दोघांच्या मापात न बसणारी ही बाई होती.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला, मार्च महिन्यात फिलाडेल्फियात. जायचे होते थोडे दिवस, राहिल्या दोन वर्षांहून जास्त. बालवाडीची नवी शिक्षणपद्धती शिकल्या. हिंदुस्थानातल्या उच्चवर्णीय विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, ते १८८७ मध्ये आले. गावोगाव भाषणे दिली. त्या वर्षाअखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. हिंदुस्थानात विधवांसाठी धर्मनिरपेक्ष शाळा काढायची आणि दहा वर्षे तिचा खर्च या संस्थेने उचलायचा, असे ठरले.

शारदा सदनचा वाद नेमका काय होता?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झाले. पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई नातू ही बालविधवा होती. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. १८९० मध्ये सदन पुण्यात आले. ब्राह्मण विधवांना सोवळे-ओवळे पाळता यावे अशी स्वयंपाकाची सोय होती. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर अशी माणसे होती.

ठिणगी पडली ती प्रार्थनेवरून. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी मनोरमेबरोबर प्रार्थना करत, दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही, पण उठूनही लावले नाही. पुढे काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकल्याचे बाहेर कळले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असा शब्द देऊन ते उघडले होते. मुली लहान, निराधार, सर्वस्वी रमाबाईंवर अवलंबून. अशा मुलींपुढे उघडे दार हेसुद्धा आमंत्रण ठरते, हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला, टीका करणाऱ्यांकडे त्या पंचवीस मुलींसाठी काय होते? केशवपन, एक वेळचे जेवण आणि माजघराचा कोपरा. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला १८९६ मध्ये. तोपर्यंत पुण्यात विधवांना राहून शिकता येईल अशी दुसरी जागा जवळपास नव्हती. काढून नेलेल्या मुलींचे पुढे काय झाले, याची चर्चा वर्तमानपत्रांनी केली नाही.

केडगाव आणि दुष्काळ यांचा संबंध कसा आला?

बोस्टनची मदत दहा वर्षांची होती. पुढची सोय म्हणून रमाबाईंनी केडगावजवळ शंभरेक एकर माळरान घेतले होते. फळबाग लावायची आणि त्यातून सदन चालवायचे, असा साधा हिशेब. विहिरी खोदल्या, झाडे लावली. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी मदत छावण्या आणि अन्नछत्रे त्यांनी पाहिली. अन्न कमी होते, रोगराई होती. पण त्यांना सगळ्यात जास्त हादरवले ते तरुण मुलींच्या हालांनी. छावण्यांवरची माणसेच त्यांचा फायदा घेत होती आणि मुली पळवणारे, विकत घेणारे दलाल आजूबाजूला फिरत होते. रमाबाईंनी तीनशेच्या आसपास मुली आणि बायका निवडून आपल्याबरोबर आणल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. नव्या माणसांना शहरात ठेवायला सरकारची बंदी. म्हणून मुलींना केडगावच्या माळावर नेले, तंबू आणि झोपड्या उभ्या केल्या. ‘मुक्ती’ची सुरुवात अशी झाली. पुढच्या वर्षी पक्क्या इमारती होऊ लागल्या. त्याच प्लेगच्या काळात पुण्यातल्या प्लेग रुग्णालयात बायकांच्या सुरक्षिततेची हेळसांड होते, असे रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्राला लिहून कळवले. प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत निघाला. सरकारने आरोप फेटाळले. मिशनरी म्हणजे सरकारचा माणूस, हे समीकरण इथे लागू पडत नाही.

१८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ आला, छपन्नचा म्हणून जुनी माणसे ज्याचे नाव घेत तो. या वेळी गुजरातेत मुली शोधायला रमाबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या बायका गेल्या. तीन-चार वर्षांपूर्वी स्वतः उपाशी आलेल्या मुली आता दुसऱ्यांना घेऊन येत होत्या.

‘मुक्ती’त दिवस कसा जात असे?

आलेल्या मुलीला आधी अंघोळ, कपडे, थोडे थोडे अन्न. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर वाढले तर तो दगावतो, याची जाण ठेवावी लागे. आजाऱ्यांना वेगळे ठेवत. थोरल्या मुलीकडे काही लहान मुली सोपवल्या जात, आईसारखे पाहायला. वाचवता न आलेल्याही अनेक होत्या.

मग शाळा आणि काम. अक्षरओळख सगळ्यांना. त्याखेरीज विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभते, धुलाई, तेल काढणे, आजाऱ्यांची सेवा, छपाई. जिला जे जमेल ते. पुण्यात सदनात ब्राह्मण विधवांसाठी वेगळा स्वयंपाक होता, केडगावात ते राहिले नाही. कुणबी, भिल्ल, ब्राह्मण, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुली एका पंगतीला बसू लागल्या. त्या काळात हे घडवायला फार मोठी भाषणे लागत. इथे दुष्काळाने आणि जागेच्या टंचाईने निम्मे काम केले.

अंध मुलींसाठी बार्तिमी सदन निघाले, तिथे ब्रेल शिकवत. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, मुलांसाठी सदानंद सदन. मधोमध मोठे चर्च. केडगावात धर्माबाबत तटस्थतेचा प्रश्न उरला नव्हता. ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि इथे वाढलेल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. हे लपवण्याची गरज रमाबाईंना वाटली नाही.

१९०५ मध्ये या चर्चमध्ये प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली तासन्‌तास रडत, गात, मोठमोठ्याने प्रार्थना करत. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी त्याबद्दल एक छोटे पुस्तक लिहिले. ते दक्षिण अमेरिकेत चिली देशात पोहोचले आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला त्याने चालना दिली. लॉस एंजेलिसची प्रसिद्ध अझुसा स्ट्रीटची सभा १९०६ ची, म्हणजे केडगावच्या नंतरची. जगभरचे चर्चचे अभ्यासक केडगावचे नाव जाणतात ते यासाठी. आपल्याकडे दौंड तालुक्यातही ते फारसे कुणाला माहीत नसते.

मराठवाड्याशी काही नाते?

येरमाळा आणि आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यातल्या गुलबर्ग्यात रमाबाई आणि मनोरमाबाईंनी मुलींसाठी शाळा काढली. इंग्लंड-अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाई ‘मुक्ती’चा रोजचा कारभार पाहत. आईच्या पश्चात त्याच सगळे सांभाळणार, हे ठरल्यासारखे होते. पण २४ जुलै १९२१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. वय चाळीस. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा या सगळ्यांनंतर आता मुलगीही गेली होती. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत.

स्वतः बायबल का भाषांतरित केले?

मराठीत बायबल आधीच होते. मिशनऱ्यांनी शास्त्री-पंडितांच्या मदतीने ते केले होते. रमाबाईंचे म्हणणे असे की त्याची भाषा संस्कृताने जड झाली आहे, आणि त्यातले बरेच शब्द हिंदू तत्त्वज्ञानातून आल्यामुळे अर्थ बदलतो. ‘मुक्ती’तली बाई गुजरातच्या खेड्यातून आलेली, अक्षरओळख नुकतीच झालेली. तिला ते वाचून कळत नव्हते. देशातल्या मोठमोठ्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटले होते, तीच संस्कृत शब्द काढून टाकायला बसली.

त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले, संस्थेचा व्याप सांभाळून आणि बहिरेपण वाढत असताना. छापखाना ‘मुक्ती’तला. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, पुस्तक बांधणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि त्यातल्या कित्येक दुष्काळातून आलेल्या. नवा करार १९१३ मध्ये निघाला. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले, तेव्हाही त्या जुन्या कराराच्या मुद्रितांत होत्या. शेवटच्या दिवसांपर्यंत तपासणी चालू होती. संपूर्ण बायबल छापून झाले १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.

हे भाषांतर महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये रुळले नाही. मुळाला शब्दशः धरून राहिल्यामुळे ते काही ठिकाणी खडबडीत वाटते, असे जाणकार म्हणतात. मराठी साहित्याच्या इतिहासांतही त्याला मोजकी जागा मिळाली. रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवर्णन मात्र मीरा कोसंबी यांच्या संशोधनामुळे पुन्हा अभ्यासात आले. टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंचे तिकीट काढले. इंग्लंडचे चर्च ३० एप्रिलला त्यांचे स्मरण करते. केडगावची संस्था आजही चालू आहे आणि निराधार मुली आणि बायका तिथे राहतात.